ओढ्यापलीकडची शाळा

(संस्थेच्या हितचिंतकांच्या गारगोटी येथील मेळाव्यात एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने केलेले भाषण. वाचकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



तुमच्यापैकी बरेच जण आज सकाळी कोल्हापूरहून आलात. पन्नासएक किलोमीटरचा रस्ता. कुणी एसटीने आलं, कुणी स्वतःच्या गाडीने. आल्या आल्या आपण एकमेकांना पहिला प्रश्न काय विचारला? “प्रवास कसा झाला?” पाहुण्याला आपण हे आवर्जून विचारतो. पण शाळेत उशिरा आलेल्या मुलाला आपण हा प्रश्न विचारत नाही. त्याला विचारतो, “उशीर का केलास?” मी तीसएक वर्षं शिक्षिका होते. मीही हेच विचारत आले. म्हणून आज सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कडगावच्या वरच्या अंगाला असलेल्या एका धनगरवाड्यावरचा मुलगा आमच्या शाळेत पाचवीला आला. चौथीपर्यंत तो वाडीजवळच्या एकशिक्षकी शाळेत शिकला होता. हिशेबात हुशार. पावकी-निमकी आजोबांनी तोंडपाठ करून घेतलेली. पण जुलै उजाडला आणि त्याची हजेरी तुटायला लागली. आठवड्यातून तीन दिवस, मग दोन दिवस, आणि गणपतीनंतर तो आलाच नाही. वर्षाच्या अखेरीस गळतीच्या तक्त्यात कारण भरायचं असतं. मी लिहिलं, “पालकांची अनास्था.” दोन शब्द. लिहायला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

पुढे २००१ च्या फेब्रुवारीत जनगणना झाली. शिक्षक म्हणून मला जो भाग मिळाला त्यात तो वाडा होता. सकाळी सातला मी निघाले, चालत चालत पोहोचायला पावणेनऊ झाले. त्या मुलाच्या वडिलांनी मला बसायला घोंगडं टाकलं, तांब्याभर ताक दिलं आणि विचारलं, “बाई, किती वाजता निघालासा?” मी म्हटलं, “सातला.” ते म्हणाले, “पोरगं रोज ह्याच वाटंनं जात हुतं. जायाला एकदा, यायाला एकदा.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. परतताना ते मला ओढ्यापर्यंत सोडायला आले. ओढा कोरडा होता. त्यांनी माझ्या छातीएवढ्या उंचीवर दगडावरची एक खूण दाखवली आणि म्हणाले, “पावसाळ्यात पाणी हितवर येतंय.” साकव नव्हता. मुलगा तोवर गोव्यात एका हॉटेलात कपबश्या धुवायला गेला होता. त्याच्या वह्या मात्र वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला टांगून ठेवल्या होत्या, पावसाने भिजू नयेत म्हणून.

ज्या माणसाने शाळा सुटलेल्या मुलाच्या वह्या जपून ठेवल्या, त्याच्याबद्दल मी “अनास्था” लिहिलं होतं.

आपण मुलाचं शिक्षण कशावर अवलंबून आहे असं विचारलं तर पटकन उत्तर येतं, त्याच्या बुद्धीवर, त्याच्या कष्टावर आणि आईबापांच्या इच्छेवर. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मूल कुठं राहतं, त्याच्या घराभोवती काय आहे आणि काय नाही, यावरही ते तेवढंच अवलंबून असतं. याला परिसर म्हणा, शेजार म्हणा.

आपल्याच तालुक्याकडे बघा. पूर्वेला वेदगंगेच्या काठाने ऊस, पक्के रस्ते, मोठी गावं. पश्चिमेला पाटगावकडे जाल तसा डोंगर चढत जातो, पाऊस वाढत जातो, ऊस संपून भात आणि नाचणी सुरू होते, आणि घरं विखुरतात. समजा दोन मुलींना दहावीला अगदी सारखे गुण मिळाले. एक गारगोटीतली, दुसरी डोंगरातली. गारगोटीतल्या मुलीला कर्मवीर हिरे महाविद्यालय घरापासून चालत जाण्यासारखं आहे. तंत्रनिकेतनही गावातच आहे. ती आईच्या हातचा डबा घेऊन जाते. शेजारची ताई बी.एस्सी. करते, ती अर्ज कसा भरायचा ते सांगते. उत्पन्नाचा दाखला काढायचा तर तहसील कचेरी इथंच. डोंगरातल्या मुलीला याच कॉलेजला यायचं तर पहाटे उठून वडाप पकडायचं, नाहीतर एसटी. दाखल्यासाठी वडिलांची मजुरी बुडते, आणि साहेब भेटले नाहीत तर दुसऱ्या दिवशीचीही बुडते. विज्ञान शाखा घेतली तर प्रॅक्टिकल संपेपर्यंत गावची गाडी निघून गेलेली असते. आणि वाडीत अकरावी पास झालेलं कुणी नसतं, त्यामुळं विचारायचं कुणाला हाही प्रश्न असतोच. गुण सारखे, वाटा वेगळ्या.

जिल्ह्या-जिल्ह्यांत असाच फरक दिसतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती, त्याच वेळी नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६४ टक्के होती. नंदुरबारची मुलं काय बुद्धीने कमी आहेत? सातपुड्यातले पाडे नकाशावर बघा, उत्तर तिथंच मिळतं.

आता मी ज्या गावात उभी आहे त्या गावाबद्दल थोडं बोलू द्या, कारण या प्रश्नाचा विचार आपल्याकडे कुणी मुळापासून केला असेल तर तो इथंच. डॉ. जे. पी. नाईक यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते १९०७ साली शेजारच्या आजरा तालुक्यात बहिरेवाडीला जन्मले. त्यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं राहिलं. पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव त्याला दिलं. त्या काळात उच्च शिक्षण म्हटलं की पुणं-मुंबई. पण मुलाने शहरात जावं आणि परत येऊ नये, यापेक्षा शिक्षणच खेड्यात आणावं, आणि ते खेड्याच्या कामाचं असावं, हा त्यामागचा विचार होता. शेती, ग्रामीण भागाला लागणारं बांधकाम, ग्रामसेवा, शिक्षक-प्रशिक्षण असे विषय इथं आले. आज गारगोटीतली मुलगी चालत कॉलेजला जाते, त्याचं मूळ तिथं आहे. कुणीतरी पाऊणशे वर्षांपूर्वी तिचा शेजार बदलून ठेवला.

पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचं काम चाललं, त्याचे सदस्य-सचिव हेच जे. पी. नाईक होते. त्या आयोगाने परिसरशाळेची शिफारस केली. एका परिसरातली सगळी मुलं, श्रीमंताची, गरिबाची, कुठल्याही जातीधर्माची, एकाच शाळेत जावीत. त्यात एक व्यवहाराची गोष्टही होती. ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे त्यांची मुलं त्या शाळेत असली, तर त्या शाळेचं छप्पर गळणार नाही. ही शिफारस कागदावर मान्य झाली, प्रत्यक्षात फारशी आली नाही. आज आपल्यापैकी ज्यांना परवडतं त्यांची मुलं पिवळ्या बसने दूरच्या इंग्रजी शाळेत जातात. मी कुणाला दोष देत नाही, माझी स्वतःची नातवंडंही जातात. पण त्यामुळे गावच्या शाळेत कोण उरलं आणि तिच्यासाठी कोण बोलणार, एवढं तरी आपण मनाशी धरावं.

कोल्हापूर संस्थानाने याच प्रश्नाला आणखी एक उत्तर दिलं होतं. राजर्षी शाहू महाराजांच्या लक्षात आलं की खेड्यातला मुलगा शिकायला कोल्हापुरात येतो, पण त्याला राहायला जागा मिळत नाही, आणि जेवायची सोय नाही म्हणून तो परत जातो. म्हणून १९०१ पासून त्यांनी एकामागून एक वसतिगृहं काढली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. दोन्ही गोष्टी मिळून बघा. लहानांसाठी शाळा गावात, मोठ्यांसाठी शहरात राहायची सोय. याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहाची ही कल्पना सातारा भागात खेडोपाडी नेली. आपल्या मिशनच्या लोकांनाही हे नवीन नाही. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले तेव्हापासून शाळा हे या कामाचं एक मुख्य अंग राहिलं. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबं आजोबा-आजींच्या बोर्डिंगमुळेच इथवर आली आहेत. घरी गेल्यावर विचारा, घरातलं पहिलं शिकलेलं माणूस कुठल्या बोर्डिंगमध्ये होतं. बहुतेक घरांत एखादं नाव निघेल.

मात्र प्रत्येक मुलाला उचलून वसतिगृहात ठेवणं हे उत्तर नाही. सहा वर्षांचं मूल आईपासून तोडलं तर ते शिकत नाही, ते रडतं. हे कुणी ओळखलं तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. वारली मुलं बालवाडीत येईनात. बायांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडी उचलून पाड्यावर, घराच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मोठी मुलं गुरं राखायला जायची, तर शाळा कुरणात नेली. ती कुरणशाळा. शिंपले, बिया, पानं हेच शिकवायचं साहित्य. पुढे १९७५ मध्ये सरकारची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आज आपण गल्लीतल्या अंगणवाडीत नातवाला सोडतो, तेव्हा ती कल्पना आदिवासी पाड्यावर जन्मली हे आपल्या ध्यानात नसतं.

अमेरिकेत याच गोष्टीची एक मोठी पाहणी झाली. १९९४ पासून पाच शहरांतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून निवडलं. काहींना चांगल्या वस्तीत घर घ्यायला मदत दिली, काहींना दिली नाही. वीसेक वर्षांनी मुलं कमावती झाल्यावर अभ्यासकांनी पाहिलं. जी मुलं तेरा वर्षांची व्हायच्या आत चांगल्या वस्तीत गेली, ती जास्त संख्येने कॉलेजात गेली आणि त्यांची कमाई सुमारे तीस टक्क्यांनी जास्त निघाली. जी तेराव्या वर्षानंतर गेली त्यांना तसा फायदा झाला नाही, उलट थोडं नुकसानच झालं, कारण त्यांचा सगळा गोतावळा तुटला. मूल तेच, आईबाप तेच, फक्त शेजार बदलला. आपल्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. शेजार मुलाला घडवतो. आणि जेवढ्या लवकर आपण हात लावू तेवढा उपयोग जास्त.

आपल्याकडे कायदाही हेच सांगतो. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. पण डोंगरातला एक किलोमीटर आणि माळावरचा एक किलोमीटर सारखा नसतो. मध्ये ओढा असला तर शंभर मीटरसुद्धा पार होत नाहीत. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार राज्यात पुढे आला, तेव्हा बरीच चर्चा झाली. मी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. चार मुलांच्या शाळेत मी शिकवलं आहे. मुलांना खेळायला भिडू नसतो, शिक्षकाला बोलायला माणूस नसतं, आणि शिक्षक रजेवर गेला की शाळेला कुलूप. मोठ्या शाळेत ग्रंथालय असतं, प्रयोगशाळा असते. पण लहान मुलाच्या पायांना ते अंतर झेपत नसेल, गाडी येत नसेल, तर त्या ग्रंथालयाचा त्याला काय उपयोग? त्यामुळे माझा हिशेब साधा आहे. लहानांची शाळा घराजवळ राहू द्या. मोठ्यांना शाळेजवळ घर द्या.

काही मुलांचा तर परिसरच वर्षातून दोनदा बदलतो. दिवाळी झाली की आपल्या भागात बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बिद्रीच्या रस्त्याला त्यांच्या कोप्या तुम्ही पाहिल्या असतील. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्यांच्यामागे फडात पोरं. गावच्या शाळेत त्यांचं नाव असतं, पण ती असतात इथं. आपली संस्था रायगड भागातल्या ज्या कातकरी वाड्यांवर काम करते, तिथंही हेच. भात कापून झालं की कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर निघतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. शाळेचं वर्ष जून ते एप्रिल, त्यांचं वर्ष वेगळं. मूल हजर नाही म्हणून नाव कमी करणं सोपं असतं. ते कुठं आहे याचा माग काढून तिथल्या शाळेत त्याला बसवणं हे काम कुणीतरी करायला लागतं, आणि ते आपल्या कार्यकर्त्यांनी केलेलं मी पाहिलं आहे.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते, कारण मागच्या वेळी कुणीतरी विचारलं होतं. आपल्या भुदरगडच्या डोंगरातले धनगर बांधव सरकारी यादीत भटक्या जमातीत येतात, अनुसूचित जमातीत नाहीत. मग आपल्या संस्थेने इकडं लक्ष का द्यावं? याचं उत्तर एवढंच, की डोंगर आणि ओढा दाखला बघून वाट अडवत नाहीत. जी अडचण कातकरी मुलीची, तीच धनगर मुलीची.

मघाशी मी रस्ता, गाडी, दाखले यांबद्दल बोलले. पण परिसराचा आणखी एक भाग असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. मुलाने आजूबाजूला काय पाहिलं तेवढंच त्याला होता येईल असं वाटतं. वाडीतली मुलं मोठी झाली की गोव्याला हॉटेलात जातात, मुंबईला हमालीला जातात, नाहीतर गोकुळ शिरगावच्या कारखान्यात. मी निवृत्तीनंतर एका वाडीवर संध्याकाळचा अभ्यासवर्ग घ्यायला जाऊ लागले. एकदा सातवीतल्या मुलांना विचारलं, “मोठेपणी काय व्हायचं?” चौघांनी सांगितलं “ड्रायव्हर”, एकाने सांगितलं “पोलीस”. वाडीत येणारी पगारी माणसं एवढीच. मग आपल्या मिशनच्या दवाखान्यातल्या एका परिचारिकेला आम्ही दोन दिवस वाडीवर नेलं. ती काही शिकवायला आली नव्हती. मुलींच्यात बसली, आपण कुठल्या गावच्या, कशा शिकलो, फी कशी भरली ते सांगितलं. पुढच्या महिन्यात एका मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं, “बाई, नर्सला कितवी लागती?” हा प्रश्न त्या वाडीत याआधी कुणी विचारला नव्हता.

भाषेचंही तसंच आहे. घरात एक बोली, पुस्तकात दुसरी. पहिलीतलं मूल गप्प बसलं की आपण म्हणतो त्याला काही येत नाही. त्याला सगळं येतं. ते त्याच्या बोलीत येतं. पहिले सहा महिने त्याची बोली समजून घेणारा एक माणूस वर्गात असला तर ते मूल टिकतं.

आता मी पुन्हा त्या मुलाकडे येते. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. तो गोव्यात वाढला, गाडी चालवायला शिकला, परत आला. आज तो चाळिशीच्या आसपास असेल. त्याला एक मुलगी आहे. ती याच वर्षी दहावीला बसली. बाप पाचवीत थांबला, मुलगी दहावीपर्यंत आली. कसं झालं हे? घराण्यात एकाएकी आस्था उगवली असं नाही, ती आधीपासूनच होती, आढ्याला टांगलेली होती. झालं असं की ओढ्यावर साकव झाला. वाडीच्या खालपर्यंत डांबरी रस्ता आला. मुलींना एसटीचा मोफत पास मिळाला. सायंकाळचा अभ्यासवर्ग सुरू झाला, त्यात तुमच्या दानाचाही वाटा आहे. शेजार थोडा थोडा बदलला आणि जिथं बापाची वाट तुटली होती तिथून मुलगी सरळ पुढे निघून गेली.

पण तिची वाट आता दुसऱ्या ठिकाणी तुटायला आली आहे. तिला विज्ञान शाखा घ्यायची आहे. त्यासाठी तिने गारगोटीला यायला हवं. रोज येऊन-जाऊन जमणार नाही. सरकारी वसतिगृहात जागा मोजक्या असतात आणि अर्ज पुष्कळ. खाजगी खोली घ्यायची तर भाडं, मेस, आणि वयात आलेली मुलगी अनोळखी घरात ठेवायची बापाला भीती वाटते. ती भीती मला खोटी वाटत नाही. गेल्या महिन्यात त्याने मला फोन केला. म्हणाला, “बाई, तवा मला जमलं नाही. हिचं काय करता येतंय का बघा.” मी त्याला “बघते” म्हटलं. आज तुमच्यासमोर उभी राहिले ती त्याच शब्दासाठी.

कार्यकारिणीपुढे दोन प्रस्ताव आहेत हे मला ठाऊक आहे. एक, इथल्या केंद्राला मोठं सभागृह आणि संगणक-खोली बांधायची. दुसरा, गारगोटीत कॉलेजच्या जवळ भाड्याचं घर घेऊन आठ मुलींची राहण्याची सोय करायची, सोबत एक मावशी ठेवायची. सभागृह छान दिसेल. त्यावर देणगीदारांच्या नावाची पाटी लागेल. भाड्याच्या घरावर पाटी लावता येत नाही. पण मला विचाराल तर आधी ते घर घ्या. संगणक त्या घरातही ठेवता येईल.

पैशाशिवायही तुम्हाला करण्यासारखं पुष्कळ आहे. मेमध्ये निकालाच्या सुमारास दोन आठवडे तहसीलजवळ बसून दाखल्यांचे अर्ज भरून देणारी चार माणसं हवी आहेत. तुमच्यात निवृत्त कारकून आहेत, शिक्षक आहेत, त्यांना हे सहज जमेल. नोकरी करणाऱ्या तरुणांनी वर्षातून दोन दिवस वाडीवर यावं, आपण कसे शिकलो एवढंच सांगावं. आणि ज्यांचं घर कॉलेजच्या गावात आहे त्यांनी एखाद्या मुलीला परीक्षेच्या महिन्यात घरी ठेवून घ्यायची तयारी दाखवावी. एका महिन्याचं जेवण आणि एक दिवा, एवढंच लागतं.

वसतिगृह काढलं म्हणजे सगळं जमलं असंही समजू नका. दिवाळीच्या सुट्टीला घरी गेलेली मुलगी कधी कधी परत येत नाही. कुणाला घरची आठवण सोसत नाही, कुणाचं लग्न ठरतं. म्हणून वसतिगृहाच्या मावशीने महिन्यातून एकदा आईबापांना भेटावं, आणि आईने मुलीच्या खोलीवर एक रात्र मुक्काम करावा, अशी पद्धत पहिल्यापासून ठेवायला हवी. मुलगी शिकली आणि घराला परकी झाली तर ते आपल्याला नको आहे.

शेवटी एक सांगते. येशूला भेटायच्या आधी नथनेलाने नासरेथ गावाचं नाव ऐकलं आणि त्या गावातून काही चांगलं निघू शकेल का अशी शंका काढली, हे आपण सर्वांनी वाचलं आहे. गावावरून माणूस जोखायची सवय जुनी आहे. ती मलाही होती, माझ्या तक्त्यातले ते दोन शब्द हेच सांगतात. आणि माझा शेजारी कोण, असं एका शास्त्र्याने विचारलं तेव्हा प्रभूने त्याला रस्त्यावरची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीतला शोमरोनी काय करतो? जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, तिथल्या खर्चाचे पैसे देतो आणि परत येईन म्हणून सांगतो. राहायची सोय, जेवायची सोय, आणि पुन्हा चौकशी. मला तर त्यात वसतिगृहाचा सगळा आराखडाच दिसतो.

त्या मुलीचा निकाल लवकरच लागेल. अकरावीचे प्रवेश त्यानंतर लगेच सुरू होतील. तिच्या बापाला मला फोन करून काय सांगायचं ते आज तुम्ही ठरवायचं आहे.

देव तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.